अकराची नोंद

गॅलरीचं लोखंडी दार ढकलून मी बाहेर आले आणि पाण्याचा आवाज ऐकू आला.

तो आवाज तिथे असायला नको होता. कोळथी धरणाच्या भिंतीच्या पोटात एक अरुंद बोगदा आहे, त्याला आम्ही गॅलरी म्हणतो. भिंतीतून किती पाणी पाझरतंय ते तिथे रोज मोजावं लागतं. तासभर त्या ओल्या अंधारात टॉर्च घेऊन फिरलं की बाहेरचं ऊन डोळ्यांत घुसतं, म्हणून मी नेहमीसारखी दारात डोळे मिटून उभी राहिले. पंधरा दिवस पावसाचा पत्ता नव्हता. पाचही दरवाजे बंद होते. आणि माझ्या उजव्या हाताला धो धो पाणी पडत होतं.

डोळे उघडले. तीन नंबरच्या दरवाजाखालून पांढरं पाणी सांडव्यावरून उड्या घेत नदीत उतरत होतं. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पहिल्यांदा मला रागच आला. मी तिथली सहायक अभियंता, वय सव्वीस, आणि मला न विचारता कुणी दरवाजा उघडतो म्हणजे काय? मग मला माझी वाकळ आठवली.

सकाळी निघताना हौसाकाकू खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी पिंपळदऱ्यात तिच्याच घरात भाड्यानं राहत होते.

"पोरी, तुझी वाकळ काढ. आज समद्या जनी नदीला चाललोय."

घट बसायला चार दिवस होते. त्याच्या आत घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायचं, ही तिथली रीत. धरणाचे दरवाजे बंद झाले की गावाच्या उताराला, नदी चालत ओलांडतात त्या जागी, पाणी घोट्याएवढं होतं, मधले कातळ उघडे पडतात, आणि अख्ख्या गावाच्या वाकळा त्या कातळांवर वाळत पडतात.

"राहू दे काकू, मी धुते घरी."

"बादलीत वाकळ धुतीस व्हय? वल्ली वाकळ उचलंल का तुझ्यानं?"

ती माझ्या आईच्या लुगड्यांची होती. आईनंच शिवलेली. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी घडी करून काकूच्या हातात दिली आणि म्हटलं, "जपून हं."

"म्हाईत हाय मला कुनाची हाय ती," काकू म्हणाली होती.

म्हणजे या घडीला, धरणाखाली, कालव्याच्या रस्त्यानं पाच किलोमीटरवर, पन्नासेक बायका नदीच्या मधोमध उभ्या होत्या. मी कंट्रोल रूमच्या पायऱ्या चढायला लागले. एकशे साठ पायऱ्या. एरवी मी त्या दोनदा थांबून चढायचे.

कंट्रोल रूममध्ये खामकर तात्या स्टोव्हवरून चहा उतरवत होते. तात्या धरणाचे गेट ऑपरेटर, तीस वर्षांची नोकरी, चार महिन्यांत निवृत्ती. हौसाकाकूचे यजमान. मला बघून त्यांनी दुसरा ग्लास पुढे ओढला.

"तात्या, तीन नंबर कुणी उघडला?"

"कुठला तीन नंबर?"

"दरवाजा! पाणी चाललंय खाली!"

"काय म्हंता बाईसाब. समदे बंद हायती की. आत्ता तर अकराचं आकडं भरलं म्या." ते हसत हसत खिडकीपाशी गेले. कंट्रोल रूम टेकडीच्या बाजूला, दरवाजांपासून लांब. तिथे पाण्याचा आवाज येत नसे, मान काढून बघावं लागे. तात्यांनी मान काढली आणि तशीच ठेवली. "आयला," एवढंच म्हणाले.

मी कॉम्प्युटरपाशी धावले. पडद्यावर डावीकडे तासाच्या नोंदींची विंडो होती. दहाची ओळ भरलेली, अकराची ओळ कोरी. उजवीकडे, त्या विंडोच्या मागून अर्धी डोकावणारी, दरवाजांची विंडो. तीन नंबरसमोर लिहिलं होतं: सत्त्याण्णव सेंटिमीटर. सुरुवात, अकरा वाजून दोन मिनिटं. आणि माऊसचा बाण त्या विंडोवर जाऊन बसला होता.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. काय कळलं ते सांगण्यासाठी थोडं मागं जायला हवं.

तो कॉम्प्युटर म्हणजे विंडोज अठ्ठ्याण्णववर चालणारं एक म्हातारं धूड होतं. सन दोन हजार पाच उजाडलं तरी आमच्याकडे तेच. मी शिकले ते युनिक्सच्या मशीनवर, आणि त्याचा मला जरा गर्वच होता. तिथे पडदा स्वच्छ असायचा. खाली पट्टी नाही, कोपऱ्यात बटण नाही, चित्रांची जत्रा नाही. एकाऐवजी चार पडदे असल्यासारखं काम करता यायचं. इथल्या चौदा इंची पडद्यावर चार प्रोग्रॅम एकमेकांवर चढून बसलेले बघून माझं डोकं उठायचं. मग तालुक्याच्या इंटरनेट कॅफेतून मी एक छोटा प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून आणला. एका फाइलीतली एक ओळ बदलली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि जुन्या विंडोजच्या अंगावर युनिक्सचा अंगरखा चढला. करड्या रंगाचा मोकळा पडदा, त्याची एका वेळी एकच दिसणारी चार दालनं, आणि मशीन पहिल्यापेक्षा चपळ. मी कुणाची परवानगी घेतली नाही. विचारलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

त्यातच एक सवय मी माझ्या सोयीसाठी चालू केली होती. विंडोवर क्लिक करायचं नाही. बाण ज्या विंडोवर जाईल, कीबोर्ड त्या विंडोचा. ती विंडो पुढेही येत नाही, आहे तिथेच मागे राहते, पण तुम्ही टाइप केलेलं तिच्यात जातं. हाताला सवय झाली की याच्यासारखं सुख नाही.

तात्यांना मी सांगितलं होतं, "आता क्लिक करायची गरज नाही हं." ते "बरं" म्हणाले आणि क्लिक करत राहिले. त्यांची पद्धत ठरलेली होती. नोंदींच्या विंडोवर क्लिक करायचं, मग समोर रजिस्टर उघडायला जागा हवी म्हणून माऊस उजवीकडे सारून द्यायचा, जसा आपण पाण्याचा तांब्या सारतो तसा. आणि मान खाली घालून, रजिस्टरवर बोट ठेवून, आकडे टाकायचे. पडद्याकडे बघायचंच नाही. हे मी शंभर वेळा पाहिलं होतं. हसलेही होते.

महिनाभर काही झालं नाही, कारण दरवाजांची विंडो मी दुसऱ्या दालनात ठेवली होती. त्या सकाळी गॅलरीत जायच्या आधी तीन नंबरचं काहीतरी बघायला मी ती पहिल्या दालनात आणली आणि तशीच सोडून गेले.

तात्यांनी माऊस सारला. बाण दरवाजांच्या विंडोवर गेला. त्यांनी पहिला आकडा टाकला, साठा सत्त्याण्णव टक्के, आणि एंटर दाबलं. दरवाजांच्या प्रोग्रॅमनं विचारलं, सत्त्याण्णव सेंटिमीटर उघडायचं का? त्यांनी दुसरा आकडा टाकला, विसर्ग शून्य, आणि पुन्हा एंटर दाबलं. प्रोग्रॅमनं ते एंटर होकार म्हणून घेतलं. दरवाजे हातानं चालवायचे की कॉम्प्युटरनं, तो स्विच पावसाळाभर कॉम्प्युटरवरच ठेवलेला असे. दरवाजा उचलला गेला.

हे सगळं मला दोन सेकंदांत कळलं. तात्या माझ्या पाठीशी येऊन उभे होते. त्यांचा श्वास मानेवर लागत होता.

"कसं उघाडलं वो ह्ये?"

आणि मी म्हणाले, "तात्या, तुमच्याकडून दाबलं गेलंय."

"म्या? म्या तर नोंदी…"

"तुमच्याच हातून. हे बघा, सत्त्याण्णव. तुम्हीच टाकलेला आकडा आहे हा."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते वाक्य मी ठरवून बोलले नाही, ते घाबरून तोंडातून आलं. भीती वाटली की माझी जीभ आधी स्वतःला वाचवते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी दरवाजा बंद करायचा हुकूम दिला. पूर्ण बसायला चार मिनिटं लागणार होती. पण जे पाणी सुटलं ते सुटलं होतं.

"उताराला पाणी किती वेळात पोचतं?"

"चाळीस मिन्टं," तात्या म्हणाले. हे त्यांना विचारायची गरजच नव्हती, तीस वर्षं पाठ होतं. "अकरा दोनला सुटलं म्हंजी… बेचाळीसला." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा चोवीस. "हौसा नदीला गेलीया, बाईसाब."

"मला माहीत आहे."

"मधल्या कातळावर असतीया ती. वरच्या अंगाला पानी निवळ असतंय म्हून."

मी पंचायतीला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पाणी सोडायच्या आधी भोंगा तीनदा वाजवायचा नियम होता, पण मधल्या डोंगरामुळे तो पिंपळदऱ्यापर्यंत जात नसे.

"तुम्ही दरवाजा बसेपर्यंत इथून हलू नका. भोंगा वाजवत राहा. मी जाते."

"माझ्या हातनं कसं…" तात्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मी उत्तर द्यायला थांबले नाही.

माझी स्कूटी तिच्या जन्मात इतकी पळाली नसेल. हमरस्त्यानं गेले असते तर अकरा किलोमीटर, म्हणून कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं घातली. मागे भोंगा ओरडत होता. पहिल्या वळणानंतर तो ऐकू येईनासा झाला आणि मला जास्तच भीती वाटायला लागली. नदी डोंगराला लांब वळसा घालते आणि कालवा तो कापून जातो, म्हणून अधूनमधून वळशाच्या पुढची नदी झाडीतून दिसायची. कोरडी, उन्हात पडलेली. म्हणजे पाणी अजून माझ्या मागे होतं. एकदा नदी दिसली तेव्हा मला वाटलं तिच्यात काहीतरी हललं. मी मोठ्यानं "आई गं" म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणत राहिले.

साडेतीन किलोमीटरवर रस्त्यात साखळी होती. कालव्याच्या रस्त्यावरून बाहेरची वाहनं जाऊ नयेत म्हणून दोन खांबांना बांधलेली, कुलूप लावलेली. ती लावायचा आदेश माझ्याच सहीनं निघाला होता. किल्ली जीपमध्ये, आणि जीप तालुक्याला. स्कूटी तिथेच आडवी टाकली आणि साखळीखालून पलीकडे गेले. अकरा चौतीस.

पुढचं मी धावले. चपला कुठे गेल्या माहीत नाही. छातीत कळ येत होती, तोंडाला कोरड पडली होती, आणि डोक्यात एकच हिशेब चालू होता, आठ मिनिटं, सात मिनिटं. मध्येच विचार आला, तात्यांचा अंदाज चुकला असेल तर? नदी एवढी रिकामी असताना त्यांनी कधी पाणी सोडलं होतं? त्यानंतर मी वेळ बघितलीच नाही.

उताराच्या टेकाडावर आले आणि खाली नदी दिसली. लाल, निळ्या, हिरव्या, ठिगळाठिगळांच्या वाकळा. एवढे रंग मी त्या नदीत कधी पाहिले नव्हते. बायका पायांनी वाकळा तुडवत होत्या, दोघी दोघी मिळून पिळत होत्या, कुणीतरी मोठ्यानं काहीतरी सांगत होतं आणि बाकीच्या खिदळत होत्या.

"बाहेर या!" मी ओरडले. "पाणी सुटलंय! बाहेर या!"

आवाज फुटलाच नाही नीट. मी घसरत खाली गेले.

"काय झालं वो बाई? कुनी पाठीमागं लागलं काय?" एकीनं विचारलं आणि पुन्हा हशा.

"धरणाचं पाणी सुटलंय. आत्ता येईल. उठा!"

"भोंगा कुठं झालाय?"

"झाला. इथं ऐकू येत नाही."

"पोलीस पाटलाची दवंडी न्हाई, काय न्हाई. आन आबाळात ढग तरी हाय का?"

मी त्यांच्या जागी असते तर मीही उठले नसते. मी रडायला लागले. भर नदीत, साहेबीण म्हणवणारी मी, अनवाणी, भोकाड पसरून. मधल्या कातळावरून हौसाकाकूनं ते पाहिलं. तिनं मला काही विचारलं नाही. ती वाकली आणि तिनं पायाशी पाण्याकडे बघितलं. मीही बघितलं. पाणी गढुळलं होतं. काड्या येत होत्या, वाळली पानं, आणि पांढरा फेस.

"उठा गं रांडांनो!" हौसाकाकूची हाक अशी होती की काठावरची कुत्री पळाली. "पोरं उचला! वाकळा ऱ्हाऊंद्यात! पळा!"

मग मात्र कुणी थांबलं नाही. बायका एकमेकींचे हात धरून निघाल्या. मी दोन लहान मुली काखोटीला मारल्या आणि टेकाडावर नेऊन टाकल्या. वळून पाहिलं तर जवळपास सगळ्या बाहेर आल्या होत्या. काकूही उथळ पाण्यात, काठापासून दहा हातांवर होती. तिथे ती थांबली, आणि परत फिरली.

"काकू!"

"आलेच!"

"काकू, नको!"

"तुझ्या आईची हाय!"

मधल्या कातळावर माझी वाकळ पसरलेली होती. काकूनं ती ओढली. ओली वाकळ जड असते, ती पटकन येईना. काकूनं ती खांद्यावर टाकली, दोन पावलं आली, आणि वळणावरून पाणी आलं.

ते भिंतीसारखं वगैरे नव्हतं. कमरेएवढं, तपकिरी, पण त्याच्यात ओंडके होते आणि ते थांबत नव्हतं. काकू दिसेनाशी झाली. मग दिसली. कातळाच्या कपारीत तिचा पाय अडकला होता आणि पाणी तिला खालच्या अंगाला ओढत होतं. वाकळ तिनं सोडली नव्हती. वाकळेचं एक टोक पाण्यानं काठाकडे फेकलं. एका दांडग्या बाईनं पाण्यात शिरून ते पकडलं, मग दुसरीनं, मग मी. आम्ही ओढलं. आईनं तिहेरी दोऱ्यानं घातलेले टाके होते ते, उसवले नाहीत. पाय सुटला तेव्हा काकू अशी ओरडली की तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पाणी वीसेक मिनिटांत ओसरलं. माणूस एकही गेलं नाही. चाळीसेक वाकळा गेल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात दुपारी हौसाकाकूला आत घेतलं. मांडीचं हाड आणि गुडघा, दोन्ही. डॉक्टर म्हणाले पाय राहील, पण पहिल्यासारखा नाही. मी बाहेरच्या बाकावर तात्यांच्या शेजारी बसले होते. कुणीतरी मला दिलेल्या स्लिपर दोन मापं मोठ्या होत्या.

तात्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता आणि बोटं हलत होती. मला आधी वाटलं कापताहेत. मग लक्षात आलं. नऊ, सात, एंटर. शून्य, एंटर. पुन्हा पहिल्यापासून. डाव्या हातानं रजिस्टर उघडल्यासारखं करायचं, उजव्या हातानं माऊस सारल्यासारखं करायचं, आणि नऊ, सात, एंटर.

"बाईसाब," ते म्हणाले, "कुठं चुकलं वो माझं? समदं तर रोजच्यावानी केलं."

तेव्हा सांगायला हवं होतं. बाक होता, वेळ होता, माणूस शेजारी होता. पण मला माझी नोकरी दिसत होती, पोलीस दिसत होते, पेपरातलं माझं नाव दिसत होतं. नदीकाठी वाटली त्याहून ही भीती मोठी होती, हे लिहितानाही लाज वाटते.

"होतं असं, तात्या," मी म्हणाले. "वयामुळे."

संध्याकाळी उजेड असतानाच मी धरणावर गेले, त्या फाइलीतली ओळ पूर्वीसारखी केली आणि मशीन पुन्हा चालू केलं. खालची पट्टी, कोपऱ्यातलं बटण, सगळी चित्रं आपापल्या जागी आली. माझा प्रोग्रॅम पुसून टाकला. फ्लॉपी मोडून नदीत टाकली.

चौकशीला वरून साहेब आले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "मशीनमध्ये काही बिघाड?"

"नाही, सर."

हेही खरंच होतं. बिघाड काहीच नव्हता, सगळं मी ठरवल्याप्रमाणेच चाललं होतं. तात्यांनी आपल्या जबाबात लिहून दिलं की आपल्या हातून चूक झाली, आणि खाली मोठ्या अक्षरांत सही केली. निवृत्तीपर्यंतच्या चार महिन्यांत त्यांनी कीबोर्डला बोट लावलं नाही. तास भरला की रजिस्टर माझ्यापुढे सरकवायचे. "तुमीच टाका, बाईसाब. माझा भरवसा न्हाई."

वाकळ तात्यांनीच आणून दिली. कोरडी, घडी केलेली. "हिनं धरून ठिवली म्हून ऱ्हायली," म्हणाले. मी ती कपाटात ठेवली. एकदाही अंगावर घेतली नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. त्यानंतर बढत्या, बदल्या, लग्न, मुलगी, सगळं रीतसर झालं. अठरा वर्षांनी त्याच विभागाची कार्यकारी अभियंता म्हणून परत आले तेव्हा पुन्हा पितृपक्षच चालू होता. गाडी पिंपळदऱ्याच्या फाट्यावर आली आणि मी ड्रायव्हरला वळायला सांगितलं.

तात्या अंगणात होते. पंचाहत्तरीचे, वाळलेले, आणि दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या कळश्या. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, पण हौसाकाकूनं सोप्यातून माझा आवाज ऐकूनच हाक मारली.

"पोरी! किती जाड झालीस गं!" ती काठी टेकत आली. उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, तो ती बाजूनं फिरवून पुढे टाकत होती. "बघ ह्यांचं ध्यान. अठरा वर्सं झाली, ह्या मानसानं मला पान्याला शिवू दिलं न्हाई. आडाचं पानी ह्येंनीच आणायचं, न्हाणीत ह्येंनीच ठिवायचं, धुनंसुदिक ह्येंनीच धुवायचं. गाव हसतंय. ऐकतील तर शपत."

तात्यांनी कळश्या खाली ठेवल्या. काकू चहाला म्हणून मागच्या चुलीकडे गेली. आम्ही दोघं सोप्यात बसलो. त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि दोन बोटं हलली, सवयीनं, त्यांच्या नकळत. नऊ, सात.

मी सांगितलं. पहिल्यापासून, फ्लॉपीपासून. बाणाचं सांगितलं, विंडो मी त्या सकाळी कुठे ठेवून गेले ते सांगितलं, संध्याकाळी येऊन काय पुसलं तेही. तात्यांनी मध्ये एकदाच थांबवलं.

"म्हंजी म्या माऊस सारला, येवढंच?"

"एवढंच."

"आन आदी कवा सारला आसता तर?"

"काहीच झालं नसतं. तुम्ही वर्षानुवर्षं सारतच होता. बदललं ते मी."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग मांडीवर ठेवून दिला आणि तो हलला नाही.

"मग तवा का न्हाई बोलला?"

"भ्याले होते, तात्या."

"मी बी भ्यालो हुतो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुमी शेजारी बसला हुता म्हून जरा धीर हुता."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. मी त्यांच्या पायांकडे हात नेला तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मला सांगून काय उपेग? पाय तिचा मोडलाय. तिला सांगा." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक दिली, "अगं ये, भाईर ये जरा. बाईसाब काय सांगत्यात बघ."

"आले," काकूचा आवाज आला.

चुलीपासून सोप्यापर्यंत पंधरा पावलं असतील. काठी टेकल्याचा आवाज, मग पाय फिरवून टाकल्याचा, मग पुन्हा काठी. मी उठून उभी राहिले.  तात्या माझ्याकडे बघत नव्हते, ते दाराकडे बघत होते. काठी थांबली. कपबशी घेऊन येत होती, चहा सांडू नये म्हणून बहुतेक. मग पुन्हा काठी.

काकू दारात आली. चहा बशीत हिंदकळला होता, ती हसत होती.

"काय गं पोरी?"

"काकू," मी म्हणाले, "तीन नंबरचा दरवाजा मी उघडला होता."